श्रूजबरीला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहणाऱ्या मराठी घरात दर उन्हाळ्यात भारतातून पाहुणे येतात. लंडन झालेलं असतं, स्टोनहेंज झालेलं असतं, आणि मग फर्माईश येते, "आता एखादं जुनं, खरंखुरं इंग्रजी गाव दाखव." आमच्याकडे त्याचं उत्तर ठरलेलं आहे, श्रूजबरी. आई-बाबा, सासू-सासरे, नाशिकची मावशी, शाळेतले मित्र अशा सगळ्यांना फिरवून झालं आणि तेच ते प्रश्न ऐकून माझी उत्तरंही पाठ झाली. म्हणून एकदाच लिहून काढतोय.

ही श्रूसबेरी म्हणजे बिस्किटवालीच का?

हो, तीच. पुण्याच्या कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर रांग लावून, "एकाला किती पुडे मिळतील?" असं विचारून आपण जी घेतो, त्या बिस्किटांचं हे माहेर. कयानी बेकरी १९५५ सालची. श्रूजबरीत मात्र 'श्रूजबरी केक' या नावाचा पदार्थ सोळाव्या-सतराव्या शतकापासून चालत आलाय. केक म्हणायचं, पण असतं बिस्किटच. १७०० सालच्या एका इंग्रजी नाटकात त्यावर कोटीसुद्धा आहे: इंग्रजीत खुसखुशीत आणि तुसडा या दोन्हींसाठी एकच शब्द, 'शॉर्ट', तेव्हा "हवं तर श्रूजबरी केकइतका तुसडा हो" असं एक पात्र दुसऱ्याला सुनावतं. इथल्या कॅसल स्ट्रीटजवळ एका इमारतीवर पाटी आहे की पेलिन नावाच्या मिठाईवाल्याने १७६० साली याच जागी आपल्या खास कृतीने हे केक केले. आमचे सगळे पाहुणे त्या पाटीखाली उभं राहून फोटो काढतात. किल्ल्यापुढेही इतके फोटो निघत नाहीत.

आता मुद्द्याचं. इथे मिळणारं बिस्किट पुण्यासारखं लागत नाही. इथलं पातळ, लिंबाच्या सालीचा वास असलेलं, कधी बेदाणे घातलेलं. जुन्या कृतींत शहाजिरं आणि गुलाबपाणीही असायचं. पुण्याचं जाड, लोण्याने ओथंबलेलं. मावशीने इथलं एक खाऊन शांतपणे निकाल दिला, "आपलंच बरं." मी वाद घातला नाही.

उच्चार नक्की काय करायचा?

श्रूजबरी म्हटलंत तर सगळ्यांना कळतं. काही जण, विशेषतः तिथल्या खासगी शाळेशी संबंध असलेले, श्रोजबरी म्हणतात, आणि यावर गावात हिरिरीने वाद होतात. श्रूसबेरी म्हटलंत तर समोरचा हसेल, पण रस्ता सांगेल. जिल्ह्याचं नाव श्रॉपशर, त्याचं जुनं नाव सॅलप, म्हणून इथले लोक स्वतःला सलोपियन म्हणवतात.

'मार्केट टाउन' म्हणजे आपल्या आठवडी बाजाराचं गाव का?

बरंचसं तसंच. फरक एवढा की मध्ययुगात इंग्लंडमध्ये बाजार भरवायचा तर सहसा राजाची सनद लागायची. ज्या गावाला ती मिळाली तिथे आसपासची खेडी माल घेऊन यायची, आणि गाव श्रीमंत व्हायचं. आपल्याकडे एखाद्या सरदाराने पेठ वसवावी आणि तिच्याभोवती शहर वाढावं, त्यातलाच प्रकार. श्रूजबरीची श्रीमंती लोकरीची. वेल्सची सरहद्द इथून जेमतेम पंधरा किलोमीटरवर. वेल्समध्ये विणलेलं लोकरी कापड इथे यायचं, इथले कापडव्यापारी ते विकत घेऊन लंडनला पाठवायचे आणि मधला नफा घराच्या लाकडी नक्षीत ओतायचे.

याचा पुरावा चौकातच उभा आहे. १५९६ सालचा दगडी ओल्ड मार्केट हॉल. खाली मोकळ्या कमानी, वर दालन. खालच्या दगडी खांबांकडे जरा नीट बघा, ओळीत पाडलेली छोटी भोकं दिसतील. मालाची मोजदाद करताना त्यांत खुंट्या सरकवायचे. वाण्याच्या दुकानातल्या खडूच्या रेघोट्याच म्हणा, फक्त दगडातल्या. वरच्या दालनात आता छोटं सिनेमागृह आणि कॅफे आहे.

जायचं कसं?

बर्मिंगहॅमहून रेल्वेने साधारण तास. मँचेस्टर आणि कार्डिफहून थेट गाड्या आहेत. लंडनहून सहसा एकदा गाडी बदलावी लागते आणि अडीच-तीन तास जातात, म्हणजे एका दिवसात जाऊन येणं होईल, पण दमछाक होईल. स्टेशन गावातच आहे, बाहेर पडलात की डोक्यावर किल्ला.

मोटारीने येणाऱ्यांनी गाडी गावात घालायच्या फंदात पडू नये. रस्ते बैलगाडीच्या मापाचे आहेत. गावाबाहेर पार्क अँड राइडचे तळ आहेत, तिथे गाडी लावून बसने आत यायचं. रविवारी बस आहे का एवढं मात्र आधी बघून घ्या.

एक दिवस पुरेल?

गावापुरता एक भरगच्च दिवस पुरतो. आजूबाजूचं बघायचं तर दोन, मुक्काम करून. आम्ही पहिल्यांदा आईला घेऊन गेलो तेव्हा वाटेत तीन ठिकाणी थांबत दुपारी चारला पोचलो. पाच वाजता गाव मिटलं. दुकानं, संग्रहालय, चर्च, सगळं. जून महिना, ऊन रात्री साडेनऊपर्यंत, आणि आम्ही बंद दारं बघत हिंडतोय. चूक आमचीच. इंग्लंडमधल्या छोट्या गावांत उजेड किती वेळ आहे याचा दुकानांच्या वेळेशी काही संबंध नसतो. सकाळी दहाच्या आत पोचा.

सुरुवात कुठून करावी?

नकाशा उघडा आणि नदी बघा. सेव्हर्न नदीने गावाला जवळजवळ पूर्ण वेढा घातलाय, चंद्रभागा पंढरपूरला वळसा घालते त्याहून कितीतरी घट्ट. कोरडी वाट राहते ती एका बाजूला, जेमतेम तीनेकशे मीटर रुंद. विजयी नॉर्मन सरदार रॉजर द माँटगोमेरी इथे आला तेव्हा त्याने नेमक्या त्या मानेवर किल्ला बांधला, १०७० च्या आसपास. बाकीच्या बाजूंना नदीच खंदक. पूर्वेला इंग्लिश ब्रिज, पश्चिमेला वेल्श ब्रिज. कोण कुठून यायचं ते नावातच आहे.

किल्ला लालसर दगडाचा आणि छोटा आहे. रायगड-प्रतापगड चढलेल्या माणसाने इथे "एवढाच?" असं म्हणू नये, मनात म्हणावं. आत सैनिकी संग्रहालय आहे. मला स्वतःला बाहेरची हिरवळ आणि टेकाडावरचा लॉराज टॉवर आवडतो. तो मनोरा थॉमस टेलफर्डने १७९० च्या सुमारास बांधला. टेलफर्ड म्हणजे पुढे ज्याने निम्म्या ब्रिटनचे रस्ते आणि पूल बांधले तो. तेव्हा तो इथे किल्ल्याची डागडुजी करत होता.

किल्ल्यावरून कॅसल स्ट्रीट, प्राइड हिल, मग चौक, तिथून बेअर स्टेप्सच्या बोळांत शिरायचं आणि हरवायचं. खरं सांगायचं तर या गावात 'बघायचं' असं यादीतलं थोडंच आहे. मजा चालण्यात आहे.

गल्ल्यांची नावं अशी विचित्र का?

ज्याच्या शहरात खुन्या मुरलीधर आणि भिकारदास मारुती आहेत त्याने हा प्रश्न विचारू नये. तरी सांगतो. बुचर रो म्हणजे खाटीक आळी, फिश स्ट्रीटवर मासळी, मिल्क स्ट्रीटवर दूध, इथवर सरळ आहे. मग डॉगपोल, मार्डोल, शॉपलॅच, मरिव्हान्स, गलेट पॅसेज अशी नावं लागतात. मरिव्हान्स म्हणजे तटाच्या पुढची जागा. गावच्या तटाचा थोडा भाग तिथे अजून आहे.

ग्रोप म्हणजे चाचपडणं. ग्रोप लेनबद्दल पाहुण्यांना मी सांगतो की पूर्वी अंधार असायचा, लोक चाचपडत जायचे. खरं कारण मध्ययुगीन बाजारात रात्री चालणाऱ्या दुसऱ्या धंद्याचं आहे, ते सासऱ्यांसमोर सांगता येत नाही. पण ही गल्ली चुकवू नका. दोन्ही बाजूंच्या घरांचे वरचे मजले पुढे आलेले आहेत, मधोमध उभं राहून वर बघितलं तर आभाळाची फक्त एक फीत दिसते.

अशा बोळांना इथे 'शट' म्हणतात. एका रस्त्यावरून दुसऱ्यावर निघणारी जवळची वाट. पाऊस आला की यांचा फार उपयोग होतो.

ती काळी-पांढरी घरं खरंच जुनी आहेत की पर्यटकांसाठी रंगवलेली?

खरंच जुनी. गावात साडेसहाशेहून जास्त इमारती संरक्षित यादीत आहेत. बुचर रोवरचं अ‍ॅबट्स हाउस पंधराव्या शतकातलं, चौकाजवळची आयर्लंड्स मॅन्शन आणि ओवेन्स मॅन्शन सोळाव्या शतकाच्या अखेरची, कापडव्यापाऱ्यांची.

बांधणी मात्र कोकणातल्या माणसाला परकी वाटणार नाही. ओक लाकडाचा सांगाडा, आणि मधल्या चौकटींत चक्क कूड. काटक्या विणून त्यावर माती, शेण आणि चिरलेला पेंढा यांचा लेप. ओक वाळताना वाकतो, म्हणून एकही रेघ सरळ नाही. अ‍ॅबट्स हाउसच्या तळमजल्यावर दुकानांच्या खिडक्यांना रुंद लाकडी फळ्या आहेत. माल त्यांवर मांडायचे. पाचशे-साडेपाचशे वर्षांची ती फळी हाताला गार आणि गुळगुळीत लागते.

काळा रंग तेवढा फसवा. ओक पूर्वी बहुतेक ठिकाणी तसाच राखाडी सोडून द्यायचे, काळ्या-पांढऱ्याची फॅशन बरीच नंतरची.

चौकातला पुतळा कुणाचा?

रॉबर्ट क्लाइव्हचा. मारोकेत्ती या शिल्पकाराने केलेला, १८६० साली उभारलेला. क्लाइव्ह याच जिल्ह्यातला, मार्केट ड्रेटनजवळ १७२५ साली जन्मलेला. भारतातून पैसा घेऊन परतल्यावर १७६१ पासून १७७४ साली मरेपर्यंत तो श्रूजबरीचा खासदार होता, मधे महापौरही झाला.

आपल्याला शाळेत प्लासी शिकवतात, १७५७. पण त्याच्या आदल्या वर्षी हा माणूस कोकणात होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हची फौज विजयदुर्गावर चालून गेली. इंग्रज त्याला घेरिया म्हणायचे. आत तुळाजी आंग्र्यांचं आरमार. तोफांच्या माऱ्यात जहाजांना आग लागली आणि कान्होजींपासून उभं राहिलेलं ते आरमार बंदरातच जळून गेलं. आणि ही मोहीम झाली ती पेशव्यांशी हातमिळवणी करून. नानासाहेबांना तुळाजी नको होता, इंग्रजांना समुद्र मोकळा हवा होता. जिंकलेला किल्ला पेशव्यांना सोपवायला कंपनीने आढेवेढे घेतले, शेवटी बदल्यात बाणकोट पदरात पाडून घेतलं.

बाबा या पुतळ्यासमोर बराच वेळ उभे होते. ते देवगडचे. "आपल्या घरात चोरी झाली तेव्हा दार आपणच उघडलं होतं," एवढंच म्हणाले आणि आइस्क्रीम घ्यायला गेले.

२०२० साली हा पुतळा काढावा म्हणून हजारो सह्या झाल्या. परिषदेने तो ठेवायचं ठरवलं. माझं मत विचाराल तर तो असलेला बरा, पण त्याच्याखाली विजयदुर्गाचंही नाव असावं.

क्लाइव्हने नेलेल्या वस्तू कुठे बघायला मिळतात?

श्रूजबरीत नाही, वेल्समध्ये शिरल्यावर वेल्शपूलच्या पॉविस कॅसलमध्ये. पश्चिमेला साधारण तीस किलोमीटर, रेल्वेने पंचवीसेक मिनिटं आणि मग स्टेशनवरून चढाची पायपीट. क्लाइव्हच्या मुलाचं लग्न त्या घराण्यात झालं, तो पुढे मद्रासचा गव्हर्नर होता, त्यामुळे संग्रहात टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबू आणि त्याच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं मस्तक आहे. दालन छोटं आहे. बाहेरची उतरत्या गच्च्यांची बाग सुंदर आहे, हे मान्य करताना जीभ थोडी अडखळते.

डार्विनचं काय?

चार्ल्स डार्विन १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इथे जन्मला, वेल्श ब्रिजपलीकडे फ्रँकवेलमध्ये 'द माउंट' नावाच्या घरात. वडील गावचे नामांकित डॉक्टर. घर खासगी आहे, आत जायचं तर आधी चौकशी करावी लागते. त्याची शाळा मात्र किल्ल्यासमोर आहे, आता तिथे सार्वजनिक वाचनालय आहे आणि दारात त्याचा बसलेला पुतळा, १८९७ सालचा. तो शाळेत राहत असे, पण घर मैलभरावर, म्हणून मधल्या सुट्टीत पळत घरी जायचा आणि रात्री दार लागायच्या आत पळत परत यायचा. वाचनालयापासून द माउंटपर्यंत चालून बघा, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. भावाबरोबर बागेतल्या खोलीत रसायनांचे प्रयोग करायचा म्हणून पोरांनी नाव ठेवलं होतं 'गॅस'. मुख्याध्यापकांनी अशा फालतू उद्योगांबद्दल सगळ्यांसमोर झापलं होतं.

पण डार्विनसाठी आलात तर पुतळ्यापेक्षा बेलस्टोन शोधा. मॉरिस हॉलच्या अंगणात पडलेला एक ओबडधोबड दगड, गुडघ्यापेक्षा थोडा वर. बहुतेक लोक त्याच्या शेजारून निघून जातात. लहान डार्विनला कॉटन नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थाने तो दाखवला आणि सांगितलं की असा खडक कंबरलंड किंवा स्कॉटलंडच्या अलीकडे कुठेच नाही, हा इथे कसा आला हे जग बुडेपर्यंत कुणी सांगू शकणार नाही. पुढे हिमनद्या असे धोंडे शेकडो मैल वाहून नेतात हे वाचल्यावर डार्विनला विलक्षण आनंद झाला. त्याने म्हातारपणी ही आठवण लिहून ठेवली आहे. आमच्या पुतण्याने त्या दगडावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधली. मी काही बोललो नाही, दगडाने याहून बरंच सोसलंय.

चर्च बघून बघून कंटाळा आलाय. एखादं वगळलं तर?

तीन बघा, बाकीची सोडा.

सेंट मेरीज. हिचं निमुळतं शिखर देशातल्या सर्वांत उंच शिखरांपैकी एक. आत चौदाव्या शतकातली रंगीत काचेची खिडकी आहे, खाली आडवा झोपलेला जेसी, म्हणजे बायबलमधला येशूचा पूर्वज, आणि त्याच्या अंगातून उगवलेली वेल, वेलीवर राजे आणि संदेष्टे. येशूची वंशावळच. सकाळचं ऊन तिच्यातून आलं की फरशीवर निळे-तांबडे तुकडे पडतात. बाहेर मनोऱ्याच्या भिंतीवरची पाटी जरूर वाचा. रॉबर्ट कॅडमन नावाचा डोंबारी, त्याने १७३९ च्या फेब्रुवारीत शिखरापासून नदीपलीकडच्या मैदानापर्यंत दोर बांधला आणि त्यावरून सरकत खाली यायला निघाला. दोर फार ताणलेला होता, तो तुटला. पाटीवर कविता आहे. तिचा भावार्थ असा की कौशल्य किंवा हिंमत कमी पडली नाही, दोष दोराचा. मेल्यावर का होईना, कुणीतरी त्याची बाजू घेतली.

सेंट चॅड्स. गोल चर्च, १७९२ सालचं. डार्विनचा बाप्तिस्मा इथला. जुनं सेंट चॅड्स दुसरीकडे होतं. छत गळतं म्हणून विश्वस्तांनी टेलफर्डला बोलावलं. तो म्हणाला, गळतीचं नंतर बघू, ही इमारत कोसळणार आहे, चर्चा करायची तर आधी बाहेर चला. लोक हसले. थोड्याच दिवसांत, १७८८ च्या जुलैत, पहाटे चारचे टोले पडत असताना मनोरा खाली आला. त्याचा उरलेला कोपरा अजून उभा आहे. नव्या चर्चच्या आवारात डिकन्सच्या गोष्टीतल्या एबेनेझर स्क्रूज या काल्पनिक कंजूष म्हाताऱ्याचं थडगं आहे, १९८४ साली एका चित्रीकरणासाठी जुन्याच एका पुसट दगडावर नाव कोरलं आणि ते तसंच राहिलं. २०२४ साली कुणीतरी तो दगड फोडला तेव्हा गाव खरोखरच हळहळलं.

श्रूजबरी अ‍ॅबी. इंग्लिश ब्रिजपलीकडे, १०८३ साली स्थापन झालेला मठ. राजा आठव्या हेन्रीने मठ बुडवले तेव्हा चर्च वाचलं, बाकीचं गेलं, आणि उरलेल्या अवशेषांतून टेलफर्डने रस्ता काढला. रस्त्याच्या पलीकडे एक नक्षीदार दगडी सज्जा एकटाच उभा दिसेल. भिक्षू जेवत असताना एक जण त्यात उभा राहून पोथी वाचायचा. जेवणघर नाही, जेवणारे नाहीत, वाचायची जागा तेवढी शिल्लक. आवारात कवी विल्फ्रेड ओवेनचं स्मारक आहे. पहिलं महायुद्ध संपल्याच्या घंटा गावात वाजत होत्या त्याच दिवशी, ११ नोव्हेंबर १९१८ ला, तो मारला गेल्याची तार त्याच्या आईवडिलांच्या इथल्या घरी पोचली.

मग आता बाजार भरतो की नाही?

भरतो की. १९६५ सालच्या मार्केट हॉलमध्ये. उंच घड्याळाचा मनोरा असलेली विटांची इमारत, बाहेरून अगदीच सरकारी कचेरीसारखी. जुनी सुंदर इमारत पाडून ही बांधली म्हणून लोक अजून बोटं मोडतात. आत गेलात की राग जातो. खाली मांस-मासळी-भाजी, वर जुनी पुस्तकं, लोकर, चीज, हाताने केलेल्या वस्तू आणि खाण्याचे छोटे गाळे. २०१८ साली आणि त्यानंतरही याला ब्रिटनमधला सर्वांत लाडका बाजार म्हणून निवडलंय. शुक्रवारी किंवा शनिवारी जा, रविवारी बंद.

शाकाहारी माणसाने काय खावं?

उपाशी राहणार नाही. बाजारातले गाळे, गावातले कॅफे, सगळीकडे निदान दोन पदार्थ असतातच. भाजलेला बटाटा, सूप, चीज-कांद्याची पेस्ट्री. स्थानिक पदार्थ म्हणून 'फिजेट पाय' सुचवतील, त्यात डुकराचं मांस असतं, सफरचंदाच्या वासाला भुलू नका. 'श्रॉपशर ब्लू' हे नारिंगी, निळ्या शिरांचं चीज घ्या, पण ते पहिल्यांदा तयार झालं स्कॉटलंडमध्ये. नाव श्रॉपशरचं, गाव दुसरंच. इथे फरसाणासारख्या चिवड्याला बॉम्बे मिक्स म्हणतात, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

आई-बाबांना झेपेल का? गुडघे दुखतात.

गाव टेकाडावर आहे आणि काही गल्ल्यांत गोटे बसवलेले आहेत. वाइल कॉपचा रस्ता चांगलाच चढाचा. उपाय सोपा: स्टेशनवरून सुरुवात केली की किल्ल्यानंतर बहुतेक उतार लागतो. परतीला टॅक्सी करा. वाइल कॉप उतरताना दोन्ही बाजूंना छोटी खासगी दुकानं आहेत, मधे मधे टेकायला कॅफे. याच रस्त्याने १४८५ साली हेन्री ट्यूडर राज्य जिंकायला चालला होता. गावच्या अधिकाऱ्याने शपथ घेतली होती की तो माझ्या पोटावरूनच आत येईल. वारं फिरलं तसा तो रस्त्यावर उताणा झोपला, हेन्री त्याला ओलांडून गेला, शपथही पाळली गेली आणि मानही वाचली, अशी कथा सांगतात.

दमलेल्यांना क्वॉरी बागेत सोडा. नदीकाठी २९ एकर हिरवळ, मधोमध डिंगल नावाचा खळगा, त्यात तळं आणि फुलांचे वाफे. पर्सी थ्रोअर नावाचे टीव्हीवर गाजलेले माळी १९४६ पासून १९७४ पर्यंत इथले प्रमुख होते. उन्हाळ्यात वेल्श ब्रिजजवळून नदीत बोटीची फेरीही निघते, चढ नाही, पायऱ्या थोड्या.

मुलांसाठी काय?

बोट, बाग, आणि दहा-बाराच्या पुढची असतील तर स्टेशनमागचा तुरुंग. तो २०१३ साली बंद झाला, आता तिथे फेरफटका असतो. छोट्यांना नेऊ नका, फाशीची खोली दाखवतात.

'गगनचुंबी इमारतींचे आजोबा' इथे आहेत म्हणतात, ते काय?

गावाच्या उत्तरेला फ्लॅक्समिल. १७९७ साली चार्ल्स बेजने बांधलेली जवसाच्या धाग्याची गिरणी. तेव्हाच्या गिरण्या लाकडी, हवेत तंतूंची धूळ, उजेडाला मेणबत्त्या, त्यामुळे आगी नित्याच्या. बेजने खांब आणि तुळया ओतीव लोखंडाच्या केल्या. पूर्ण लोखंडी सांगाड्याची जगातली ही पहिली इमारत. पाच मजले, बाहेरून विटांची साधी पेटी, आत लोखंडी खांबांच्या रांगा, मधे किंचित फुगीर, केळीच्या खांबासारख्या. पुढे शंभरेक वर्षं तिथे दारूसाठी बार्लीला मोड आणत. १९८७ ला बंद पडली, २०२२ ला दुरुस्त होऊन लोकांसाठी उघडली. मुंबईत काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन हिच्याच खानदानातली: १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी भाग जहाजाने नेऊन तिथे जोडले. गावापासून अर्ध्या तासाची चाल, बसही आहे.

कधी जावं?

मे ते सप्टेंबर. डिसेंबरात चारला अंधार पडतो. ऑगस्टमधलं पुष्पप्रदर्शन १८७५ पासूनचं, पण त्या वर्षी आहे की नाही ते बघूनच तारीख ठरवा. जोराच्या पावसानंतर नदी चढते, फ्रँकवेलच्या बाजूला पाणी येतं, २०२० साली चांगलंच आलं होतं. नदीकाठच्या वाहनतळावर गाडी लावताना इशाऱ्याची पाटी वाचा.

मुक्काम केला तर दुसऱ्या दिवशी?

मोटार असेल तर आयर्नब्रिज, १७७९ साली ओतलेला जगातला पहिला मोठा लोखंडी पूल. वाटेत रॉक्सिटरला रोमन शहराचे अवशेष, शेताच्या मधोमध उभी एक उंच भिंत. इतिहासवेड्यांनी उत्तरेला बॅटलफील्डला जावं, २१ जुलै १४०३ ला इथे चौथ्या हेन्रीने बंडखोर हॉटस्परला मारलं. आता तिथे गव्हाचं शेत आणि एक एकटं चर्च आहे.

परतीच्या गाडीला अर्धा तास आहे, काय करू?

स्टेशनच बघा. १८४८ सालची इमारत, एखाद्या महाविद्यालयासारखी दिसते. आधी दोन मजली होती, जास्त जागा लागली तेव्हा १८९९ ते १९०३ दरम्यान खालची जमीन खणून तिच्या *खाली* आणखी एक मजला बांधला. फलाटाचा काही भाग नदीवर आहे, फटीतून पाणी दिसतं. फलाटाच्या दक्षिण टोकाला जाऊन उभे राहा. रुळांच्या बेचक्यात तीन मजली विटांची सिग्नल केबिन दिसेल, १९०३ सालची, १८० खटक्यांची. हाताने चालणारी एवढी मोठी केबिन जगात दुसरी चालू नाही. संध्याकाळी आत दिवा लागतो आणि माणूस दोन्ही हातांनी खटका ओढताना काचेतून दिसतो. तुमच्या गाडीचा सिग्नल पडला की समजा, पिशव्या उचला.